तरुण संघ, प्रोजेक्टर आणि फुकटचं भांडार

मराठी मंडळ्यांमधल्या तरुण संघाची सभा वर्षानुवर्षं एकाच वळणाने चालत आली आहे. दोन गीतं, प्रार्थना, शास्त्रवाचन, पाळकसाहेबांचा किंवा एखाद्या पाहुण्याचा संदेश, सूचना, चहा. आता त्यात व्हिडिओ शिरला आहे. कुठे तो संदेशाआधी पाच मिनिटं दाखवतात, कुठे संदेशाच्या जागीच. पाहुणा आला नाही, तयारी झाली नाही, की कुणीतरी लॅपटॉप उघडतं आणि म्हणतं, "एक छान व्हिडिओ आहे, तो बघू." यात वाईट काही नाही. पण इतकं साहित्य फुकट मिळायला लागल्यावर त्यातलं काय घ्यावं, कसं घ्यावं आणि काय आपलं आपण करावं, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: तयार व्हिडिओ लावून पोरांना समोर बसवणं हा या साधनांचा सर्वांत दुबळा उपयोग आहे.

पडदा आपल्याला नवा नाही. मिशनऱ्यांच्या काळी काचेच्या चित्रांचा मॅजिक लँटर्न होता. १९७८ चा तेलुगू 'करुणामयुडू' हिंदीत 'दयासागर' होऊन खेडोपाडी पोचला. १९७९ चा 'जीझस' हा लूकच्या शुभवर्तमानावरचा चित्रपट आज मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत आहे. मैदानात पडदा बांधायचा, जनरेटर सुरू करायचा, रिळं बदलताना लोकांना गाण्यात गुंतवायचं, हे सगळं करणारी माणसं पडद्याशेजारी उभी असत आणि चित्रपट संपल्यावर लोक त्यांच्याशी बोलायला थांबत. त्याच्याही कितीतरी आधी कृष्णराव सांगळे आणि ना. वा. टिळक यांच्यासारख्यांनी कीर्तन उचललं होतं. लोकांच्या ओळखीचं, जवळजवळ बिनखर्चाचं आणि ऐकणाऱ्याला टाळी-ठेक्यात ओढून घेणारं असं त्या काळचं ते माध्यम होतं. म्हणजे जे लोकांच्या हाताशी आहे ते वापरायचं, ही आपल्या मंडळ्यांची जुनीच रीत. अलीकडे फक्त पडद्याशेजारचा माणूस गळाला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सीडी-पेनड्राइव्हची देवाणघेवाण बघता बघता संपली. खरी उडी मात्र २०२० ची. २५ मार्चला टाळेबंदी लागली, ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० ला उत्तम शुक्रवार, १२ ला ईस्टर. वर्षातला सर्वांत मोठा आठवडा आणि देवळांना कुलपं. क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना अनेक मंडळ्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच मोबाइलवर केली. पाळकसाहेबांसमोर फोन धरणारी, आवाज येत नाही म्हणून इअरफोनची वायर त्यांच्या झग्याला लावणारी, झूमची फुकटातली चाळीस मिनिटं संपली की सगळ्यांना नवी लिंक पाठवणारी पोरं तरुण संघातलीच होती. ज्यांना एरवी "मागे बसा आणि गप्प बसा" ऐकावं लागत होतं, त्यांच्याशिवाय मंडळीचं पान हलेना.

टाळेबंदी उठली आणि या पोरांची 'मीडिया टीम' झाली. इथे एक गोष्ट नजरेआड राहिली. ज्या मुलाच्या हातात दर रविवारी कॅमेरा असतो, तो उपासनेत असून नसल्यासारखा असतो. गीत चालू असताना तो आवाजाची पातळी बघतो, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून पुढची स्लाइड काढतो, प्रभुभोजनाला सर्वांत शेवटी धावत येतो. पाळीपाळीने काम वाटून देणं आणि महिन्यातला एक तरी रविवार त्याला मोकळा ठेवणं याला पैसे पडत नाहीत, तरी फार थोड्या मंडळ्या ते करतात. तरुणांसाठी म्हणून आणलेल्या साधनाने आधी तरुणांनाच उपासनेबाहेर काढावं, ही गंमत म्हणायची की काय?

आता या भांडारात आहे तरी काय ते पाहू. सर्वांत परिचित नाव बायबलप्रोजेक्टचं. टिम मॅकी आणि जॉन कॉलिन्स यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला सुरू केलेलं हे काम लोकांच्या देणग्यांवर चालतं. काही मिनिटांत एखाद्या पुस्तकाची सगळी मांडणी ते चित्रांतून उलगडतात आणि हिंदीतही त्यांचं बरंच साहित्य आहे. ईयोब, उपदेशक किंवा प्रकटीकरण शिकवताना भल्याभल्या शिक्षकांची दमछाक होते, तिथे हे व्हिडिओ खरोखर कामाला येतात. 'द चोझन' ही मालिका तिच्या स्वतःच्या ॲपवर फुकट बघता येते आणि तिचं हिंदी डबिंगही आहे. ती पोरांना आवडते, कारण शिष्य एकमेकांची टर उडवतात, भांडतात. पण त्यातले कितीतरी प्रसंग शास्त्रात नाहीत, लेखकांनी रचलेले आहेत. ते सांगितलं नाही तर वर्षभराने बायबल क्विझमध्ये मत्तयाबद्दल अशी उत्तरं येतील की परीक्षक पवित्र शास्त्र पालथं घालत बसतील. उलट तेच नीट वापरलं, म्हणजे प्रसंग दाखवला आणि "यातलं शुभवर्तमानात काय आहे आणि काय नाही, शोधा" असं सांगितलं, की पुस्तकं आपोआप उघडतात.

मला यात अल्फाच्या तरुणांसाठीच्या मालिकेची एक युक्ती सर्वांत आवडते. मालिका लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टनमधून वाढलेल्या चळवळीची, इंग्रजीतली, वातावरण पाश्चात्त्य. पण त्यांचा व्हिडिओ मध्येच थांबतो, पडद्यावर प्रश्न येतो आणि आता तुम्ही बोला म्हणतो. करणाऱ्यांनाच कळलेलं आहे की सलग वीस मिनिटं चित्र चाललं की बसलेला माणूस प्रेक्षक होतो. आपल्याकडे कुठलाही व्हिडिओ असा थांबवता येतो, त्याला फक्त अंगठा लागतो. तीन मिनिटांवर थांबवा, विचारा, आणि कुणी बोलत नसेल तर ती शांतता अर्धा मिनिट सोसा. पुढारी ती सोसत नाही, स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो, म्हणून पोरं बोलत नाहीत.

अमेरिकेच्या ओक्लाहोमामधल्या लाइफ चर्चने आपलं पुष्कळ साहित्य इतर मंडळ्यांसाठी फुकट ठेवलं आहे. यूव्हर्शन हे बायबल ॲपही त्यांचंच, २००८ चं. ॲप उत्तम आहे, त्यात मराठी भाषांतरं आहेत आणि ते बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतं. बाकी साहित्य मात्र जसंच्या तसं उचलू नये. तिथल्या मुलांचे प्रश्न म्हणजे कॉलेजला घर सोडून जाणं, गाडी चालवायला लागणं, आईबापांचा घटस्फोट. आपल्याकडच्या मुलाला बारावीचे मार्क, जातीचा दाखला, स्पर्धा परीक्षेची तिसरी खेप, धाकट्या बहिणीचं लग्न आणि वर्गात "तुम्ही कन्व्हर्ट का?" असं विचारणारा मित्र यांच्याशी सामना आहे. त्यावर पोर्टलंडहून किंवा ओक्लाहोमाहून व्हिडिओ येणार नाही. तो नगरला, जालन्याला, मिरजेलाच व्हावा लागेल.

भाषेचा पेच यातूनच येतो. एकाच तरुण संघात इंग्रजी माध्यमाची मुलगी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा शेजारी बसतात. इंग्रजी व्हिडिओ लावला की अर्धी मंडळी हसण्याच्या जागी हसतात आणि अर्धी त्यांच्याकडे बघून हसतात. हिंदी सगळ्यांना समजते, म्हणून ती चालवून घेतली जाते, पण प्रार्थना आणि भांडण आपण मराठीत करतो. नवापूर-नंदुरबारकडे तर घरची बोली मावची किंवा भिली, शाळेची मराठी आणि व्हिडिओची हिंदी, असे तीन मजले चढावे लागतात. वसईत सामवेदी-कादोडीत बोलणारी पोरं आहेत. आपल्या बोलीत रेकॉर्ड केलेला साधा दोन मिनिटांचा आवाजही अशा ठिकाणी झगमगीत चित्रापेक्षा आत जातो. ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्क ही संस्था १९३९ पासून जगभरच्या लहान-लहान भाषांत हेच करत आली आहे.

मराठीत फुकट काहीच नाही, अशी तक्रार हमखास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. तयार माल थोडा आहे, कच्चा माल भरपूर आहे, आणि तो कच्चा माल कायद्याने मोकळा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. 'इंडियन रिवाइज्ड व्हर्शन' हे मराठी भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. नाव द्यायचं आणि त्यावरून आपण जे करू तेही तसंच मुक्त ठेवायचं, एवढ्याच अटी. त्यातून तुम्ही नाटक करा, ऑडिओ करा, पोस्टर करा. 'ओपन बायबल स्टोरीज' हा पन्नास सचित्र गोष्टींचा संच अशाच परवान्याने मिळतो. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रचलित भाषांतराचे हक्क मात्र सोसायटीकडे आहेत. त्यातलं वचन वाचणं वेगळं आणि अख्ख्या पुस्तकाचा ऑडिओ करून चॅनेलवर टाकणं वेगळं; दुसऱ्यासाठी परवानगी घ्यावी.

आणि मग आपलं स्वतःचं धन. भारतीय कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. टिळक १९१९ मध्ये गेले. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या. या तिघांचं लेखन आज कुणाच्याही मालकीचं नाही, म्हणजे तुमच्या तरुण संघाच्याही मालकीचं आहे. 'स्मृतिचित्रे'तला एखादा प्रसंग घेऊन दहा मिनिटांचं नाट्यवाचन करायला कुणाची परवानगी लागत नाही. टिळकांचं भजन घेऊन त्याला नवी चाल लावायलाही लागत नाही. मात्र त्याच भजनाचं एखाद्या गायकाने केलेलं रेकॉर्डिंग तसं मोकळं नसतं. शब्द मोकळे, आवाज बांधलेला, हा फरक ध्यानात ठेवावा.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडं आणखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधीत गीत गाण्याला, आणि हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. त्यामुळे देवळात कुठलंही गीत गायलात तर काळजी नको. पण तीच उपासना यूट्यूबवर गेली की तिथल्या यंत्रणेला तुमचा धर्म कळत नाही. तिने सूर ओळखला की दावा लागतो, आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात. चित्रपट आणि मालिका सभागृहात दाखवण्याच्या अटी घरी बघण्याच्या अटींहून निराळ्या असतात. त्या वाचायला पाच मिनिटं लागतात. आणि मराठीत आज जे तरुण नवी गीतं रचतात त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं गीत आपल्या नावाने चढवू नये. "प्रभूच्या कामासाठीच तर वापरलं" हे कारण चोरीला पुरत नाही.

साधनांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ॲपची नावं दर वर्षी बदलतात. टिकटॉक २९ जून २०२० ला एका रात्रीत गेलं आणि त्यावर रचलेलं सगळं वाहून गेलं. म्हणून आपली मूळ फाइल आपल्याकडे ठेवावी, चॅनेल म्हणजे कपाट नव्हे. पडद्यावर गीतांचे शब्द दाखवायला ओपनएलपी आणि फ्रीशो पूर्ण मोफत आहेत, थेट प्रक्षेपणाला ओबीएस, आवाज साफ करायला ऑडॅसिटी. फोनवर चित्रफीत कापायला फुकटची ॲप्स पुरेशी आहेत. कोपऱ्यात त्यांचा शिक्का उमटतो, तो उमटू द्यावा. पोस्टरला कॅनव्हा सगळेच वापरतात.

अडतं ते मराठी अक्षरांवर. तालुक्याच्या कितीतरी मंडळ्यांकडे गीतांच्या फाइली आहेत, पण त्या पंधरा-वीस वर्षांपूर्वी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. नव्या लॅपटॉपवर उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. त्या युनिकोडमध्ये आणणं हे तरुण संघाला चांगलं महिन्याभराचं काम आहे. दोघं टाइप करणार, एक वडीलधारी व्यक्ती जुनं पुस्तक हातात धरून तपासणार. आणि फॉन्ट निवडताना 'दुसऱ्या', 'येणाऱ्या' हे शब्द आधी लिहून पाहावेत. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये तो अर्धा र मोडतो, ल आणि श परके दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू', किंवा 'टिरो देवनागरी मराठी', हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, एका स्लाइडवर चार ओळी, काळ्यावर पांढरं. बाकी फिरणारी कबुतरं आणि चमचमणारे क्रूस नसले तरी चालतं.

फुकटची किंमत कुठे वसूल होते तेही बघा. यूट्यूबवरून थेट लावलं तर गेथशेमाने बागेत प्रभू गुडघे टेकतात आणि तेवढ्यात कर्जाच्या ॲपची जाहिरात सुरू होते. सभागृह फिसकन हसतं, आणि मग कुणी कितीही गंभीर संदेश दिला तरी तो क्षण हाती लागत नाही. बायबलप्रोजेक्ट आणि जीझस फिल्म हे दोघे आपले व्हिडिओ उतरवून घेऊ देतात. आदल्या रात्री उतरवून, एकदा शेवटपर्यंत चालवून बघावं. पण ही झाली किरकोळ वसुली. मोठी वसुली घरी होते. शनिवारी आपण दाखवलेल्या व्हिडिओच्या शेजारी यूट्यूब आणखी दहा सुचवतं, आणि त्यांतला कुठला तरी गृहस्थ तारखेनिशी भविष्य सांगत असतो, नाहीतर बी पेरा, गाडी मिळेल असं म्हणत असतो. आपला पाळक आठवड्यातून चाळीस मिनिटं बोलतो, हे लोक रोज रात्री दोन तास. यावर बंदीचा उपाय चालत नाही. पोरं काय बघतात ते त्यांनाच आणायला सांगावं, सगळ्यांनी मिळून बघावं आणि शास्त्र उघडून तपासावं. तरुण संघाच्या वर्षभरातल्या सभांपैकी काही तरी यासाठी राखून ठेवाव्यात.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल आपण अक्षम्य ढिले आहोत. अठरा वर्षांखालच्या मुलाशी पुढाऱ्याने खासगी चॅट करू नये, गटात दोन मोठी माणसं आणि शक्यतो पालक असावेत, हे नियम लिहून भिंतीवर लावले पाहिजेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. आपल्याकडे मात्र उन्हाळी बायबल शाळेचे दोनशे फोटो संध्याकाळपर्यंत फेसबुकवर असतात. त्याहून वाईट म्हणजे बोर्डिंगमधल्या मुलांची चित्रफीत: ताट समोर घेऊन, हात जोडून, देणगीदारांसाठी. तेच मूल विशीत नोकरी शोधताना आपलं नाव टाकून बघेल तेव्हा त्याला काय दिसेल? बाप्तिस्म्याचे आणि साक्षींचे व्हिडिओही सध्याच्या वातावरणात दहादा विचार करूनच बाहेर सोडावेत. साक्ष देणाऱ्याने मंडळीसमोर बोलायला होकार दिलेला असतो, अख्ख्या गावासमोर नव्हे.

कॅथलिक बाजूला एक उदाहरण अलीकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. इटलीतला कार्लो अकुतिस २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, आणि ७ सप्टेंबर २०२५ ला त्याला संत घोषित करण्यात आलं. पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून लिहिलेल्या २०१९ च्या पत्रातही त्याचा उल्लेख आहे. त्याच्या जीन्स-बुटांची चर्चा फार होते. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने संगणकावर बसून ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा केली, मांडली, लोकांपुढे ठेवली. शोधताना, वाचताना, निवडताना तो स्वतः शिकला. सुवार्ता चमत्कारांबद्दल काय म्हणते यावर प्रोटेस्टंट वाचकाचं त्याच्याशी पटेल न पटेल, पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

ती पद्धत आपल्याकडे कशी दिसेल? समजा, पाच जणांनी टिळकांचं एक भजन निवडलं. आधी अर्थ लावायला बसावं लागतं, कारण दोन शब्द कुणालाच कळत नाहीत. मग चाल शोधायची. एक सांगतो आमच्याकडे वेगळी म्हणतात. पाळकीणबाईंकडे जायचं, त्या पेटी काढतात. रेकॉर्डिंगला देवळाचा हॉल घुमतो, म्हणून कुणाच्या तरी घरची आतली खोली, खिडकीवर गोधडी, पंखा बंद, फोन पेटीपासून हातभर लांब. चौथ्यांदा कुकरची शिट्टी होते आणि पुन्हा पहिल्यापासून. तोवर ते भजन पाचही जणांना तोंडपाठ झालेलं असतं, अर्थासकट. व्हिडिओ साठ लोकांनी बघितला काय आणि सहाशे लोकांनी काय, काम आधीच झालेलं आहे. तयार व्हिडिओच्या पाच मिनिटांत हे होत नाही, म्हणून मी त्याला दुबळा उपयोग म्हटलं.

माझी विनंती तरुण संघांच्या पुढाऱ्यांना आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या वडीलजनांना आहे. 'उपासना संगीता'तल्या गीतांचे शब्द पुस्तकात सुखरूप आहेत, पण त्यांच्या गावोगावच्या चाली ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या गळ्यात आहेत. येत्या मे महिन्याच्या सुटीत दोघा-दोघांच्या जोड्या करून त्यांच्या घरी जा, परवानगी घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक फाइलला गीताचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख द्या, आणि दोन ठिकाणी जपून ठेवा.